वाळेपर्यंत

रात्रीचे दोन चाळीस. मोर्लेचं हॉस्पिटल, तातडीचा विभाग.
कारान्तेकहून आणलेला म्हातारा, गोल्वेन केर्बिरियू,
वय एकोणऐंशी, न्यूमोनिया, ताप उतरत नाही.
नखांत अजून खाडीचा करडा चिखल.
पंचावन्न वर्षं कालवं वाढवली, म्हणतो.
हातांवर शिंपल्यांच्या धारेनं ओढलेल्या रेघा,
त्यांच्याखाली शीर शोधायची
म्हणजे गढूळ पाण्यात पायानं दोर चाचपायचा.

पट्टा आवळते. बोट फिरवते.
सापडली. मनगटाच्या वर, जरा वाकडी.
हे शेवटचं बोट.
यापुढे ही चार बोटं जागा
त्याचीही नाही, माझीही नाही.

बोळा ओला. मागे-पुढे, उभं-आडवं,
करपलेलं भांडं घासावं तसं, लाज न धरता.
पूर्वी तपकिरी आयोडीन असायचं,
डाग दिसायचा, काम केल्यासारखं वाटायचं.
हे नवं औषध पाण्यासारखं,
केलं की नाही, ते फक्त मला माहीत.

आणि मग काहीच करायचं नाही.
नर्सला हे कुणी शिकवत नाही नीट:
हात मोकळे, रुग्ण धापा टाकतोय, शेजारी घंटा वाजतेय,
आणि आपण एका ओल्या चकाकीकडे बघत उभं राहायचं.

म्हातारा मान वाकवतो
आणि हळूच फुंकर घालतो.
मदत म्हणून. खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी.
"नको!" माझा आवाज चढतो.
नवा बोळा. पुन्हा पहिल्यापासून.

तो ओशाळत नाही. म्हणतो,
"आम्हीही ठेवतो कालवं स्वच्छ पाण्याच्या टाकीत,
विकण्याआधी. गिऱ्हाईक म्हणतं, आत्ताच दे.
देत नाही मी."
मग थोड्या वेळानं, छताकडे बघत,
"एकदा दिली होती."

मी विचारत नाही.
माझ्याकडे सोळा नंबरची खाट आहे.
ओदिल तांगी, खुब्याचं ऑपरेशन, उशाशी विणकाम.
पाचव्या दिवशी हुडहुडी भरली,
सुईच्या तोंडाशी लाल रेघ, रक्तात जंतू.
जंतू कुठून परके आले नव्हते.
तिच्याच कातडीवर बिऱ्हाड करून होते जन्मभर,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
दार आम्ही उघडलं.
त्या आठवड्यात चौघींनी टोचलं होतं तिला.
कुणाचे सेकंद कमी पडले, कळायला मार्ग नाही,
नोंदवहीत चार सह्या, चारही सुवाच्य.
ती वाचली. सहा आठवडे उशिरा घरी गेली,
नातीचं लग्न फोनच्या पडद्यावर पाहून.
कुणी मला काही बोललं नाही.
पण त्या रात्री मी पाच मोजले होते.
बहुतेक पाच.

"मोजा तुम्हीच," मी म्हाताऱ्याला सांगते, "तीसपर्यंत."
तो मोजतो, आजीच्या ब्रेतॉनमध्ये,
उनान, दाऊ, त्री,
मध्येच खोकतो, मागे जातो, एखादा आकडा गाळत असेल.
मला ती भाषा येत नाही.
माझ्या आजोबांना यायची, त्यांनी ती घरात आणली नाही.
म्हणून मी आकडे ऐकत नाही, कातडी बघते:
कडेकडेनं चकाकी ओसरते आहे,
चिखलावरून पाणी मागं सरकावं तशी,
मधे एक थेंबभर तळं उरलंय, तेवढं.
थांब.
शेजारची घंटा थांबली. कुणीतरी गेलं असेल तिकडे.

"त्रेगोन्त," तो म्हणतो.
तळं अजून आहे.
"आणखी थोडं," मी म्हणते,
आणि तो, न कुरकुरता, पुढचा आकडा घेतो.

मग सुई. नळीत लाल ठिपका उमलतो.
पारदर्शक पट्टी, तारीख, वेळ, माझी दोन अक्षरं.
खाली, सकाळच्या पाळीसाठी लिहिते:
अजून लागते का, रोज विचारा.
नसेल लागत तर काढा.

तो झोपलाय. दुसऱ्या हाताची बोटं
चादरीवर अजून मोजताहेत.